बरं झालं, ओळखीचं कोणी नव्हतं

प्रिय दोस्ता,

युरोपच्या प्रवासाचे फोटो सगळ्यांनी बघितले. तूही बघितलेस आणि ‘मजा आहे बुवा एका माणसाची’ एवढं लिहून मोकळा झालास. आता हे पत्र मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच. ऐन वेळी टांग दिल्याचा एवढा तरी दंड तुला बसलाच पाहिजे.

फोटोंत जे नाही ते सगळं इथे आहे. आयफेल टॉवरसमोर छाती काढून उभा असलेला जो इसम तू बघितलास, त्याचा अर्ध्या तासापूर्वी एका बेकरीत पार पोपट झाला होता. बुडापेस्टच्या पुलावर वाऱ्यात केस उडवत उभा आहे, तो आदल्या रात्री एका टेबलावरून सगळ्यांच्या नजरा चुकवत उठला होता. फजितीचं मला तसं वावडं नाही, तुला माहीतच आहे. पण दोघं असलो की फजितीचा जागच्या जागी किस्सा होतो. एक आपटला की दुसरा पोट धरून हसतो आणि विषय मिटतो. एकटं असलं की ती तशीच्या तशी खिशात घेऊन दिवसभर हिंडावं लागतं. हसायचं तरी कुणाकडे बघून?

सुरुवात तुझ्यामुळेच झाली. लंडनच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या साहेबानं नेहमीचे प्रश्न विचारले. किती दिवस, उतरणार कुठे, परतीचं तिकीट आहे का. मग म्हणाला, “एकटेच?” मी म्हणालो, दोघं येणार होतो. “मग?” इथे ‘त्याला काम निघालं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण समोर गणवेशातला माणूस आला की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. तुझं तिच्याशी बिनसलं होतं तेव्हा आपण तिकिटं काढली, मग तुमचं जुळलं, आणि जुळल्या जुळल्या तू लांब निघून जाणं तिला रुचलं नाही, हे सगळं मी त्याला तारीखवार सांगितलं. मागे रांग तुंबलेली. त्यानं माझा पासपोर्ट हातात तसाच धरून गंभीरपणे विचारलं, “आता बरं चाललंय ना त्यांचं?” मी म्हणालो, चाललंय बहुतेक. त्यानं मान डोलावली आणि मला आत सोडलं. तर तिला सांग, ब्रिटनच्या सरहद्दीवर तुमची खुशाली विचारली आहे.

लंडनमध्ये बाकी काही झालं नाही. तिथे मी फक्त एक गोष्ट शिकलो आणि ती पुढे अंगाशी आली. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये दिवा लावायला बटणच सापडेना. अंधारात भिंती चाचपून झाल्यावर छतावरून लोंबणारी दोरी नाकाला लागली. ती ओढली आणि लख्ख उजेड. ओल्या हाताला शॉक बसू नये म्हणून तिकडे बाथरूमच्या आत साधी बटणं बसवत नाहीत, दोरी ठेवतात. मला हे फार आवडलं. हे ज्ञान मी थेट रोमपर्यंत जपून नेलं.

रोमच्या हॉस्टेलात दिवा होता, पण शॉवरमध्ये वाफ कोंडून जीव गुदमरायला लागला. वर बघतो तर दोरी. पंख्याची असणार, म्हणून ओढली. काही झालं नाही. जरा जोर लावून ओढली. तरी नाही. मग मी ती लागोपाठ ओढत सुटलो. इटलीत ती दोरी असते न्हाणीघरात कुणी पडलं, घेरी आली, तर मदत मागवायला. माझ्या दर हिसक्याला खाली काउंटरवर घंटा घणघणत होती. दारावर थापा पडायला लागल्या. डोळ्यांत शॅम्पू गेलेला, मी आतून ओरडलो, “वन मिनिट!” ते त्यांना कण्हल्यासारखं ऐकू गेलं म्हणे. बाहेरून किल्ली फिरली. मी हाताला लागला तो शॉवरचा पडदा धरला आणि तो दांडीसकट माझ्या अंगावर आला. दारात काउंटरवरची बाई, मागे हातात मॉप घेतलेला सफाईवाला, त्यांच्या मागे टाचा उंचावून बघणारी दोन पोरं. मी पडद्यात गुंडाळलेला, डोक्यावर फेस. कुणी काही बोललं नाही. बाईंनी पुढे होऊन ती दोरी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि वरच्या खुंटीला दोन वेढे देऊन अडकवली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जो येईल तो खालच्या आवाजात विचारत होता, “आता बरं वाटतंय ना?” मी ‘हो, बराच आराम आहे’ म्हणायला लागलो. सोपं पडलं.

पॅरिसच्या बेकरीचं आता सांगून टाकतो. मी आपला अदबीनं इंग्रजीत म्हणालो, माफ करा, एक क्रोसाँ द्याल का. काउंटरवरची बाई म्हणाली, “बोंजूर.” तिला ऐकू आलं नसेल म्हणून मी जरा मोठ्यानं तेच म्हणालो. “बोंजूर.” मी बोटानं क्रोसाँ दाखवला. “बोंजूर, मस्यू.” आवाज तोच, फक्त प्रत्येक वेळी थोडा थंड. शेवटी मागच्या आजोबांनी माझ्या कानात सांगितलं, आधी तिला बोंजूर म्हण. म्हटलं, आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला. तिकडे दुकानात पाऊल टाकलं की आधी नमस्कार, मग धंद्याची गोष्ट. थेट खरेदीवर येणारा माणूस त्यांच्या लेखी उद्धट. मला हे पटलं. आपण चुकीच्या क्रमानं सभ्य होतो, एवढंच.

त्याच संध्याकाळी हॉस्टेलमधल्या एका मुलीच्या मित्राकडे जेवायला गेलो आणि दारातच गालाला गाल लावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चुंबन म्हणायचं नुसतं, गालाला गाल टेकवायचा आणि आवाज हवेत काढायचा. किती वेळा आणि कोणत्या बाजूनं सुरुवात, हे तिकडे गावागणिक बदलतं. पॅरिसमध्ये साधारण दोनदा, दक्षिणेत काही भागांत तीनदा, काही ठिकाणी चारदासुद्धा. म्हणजे त्यांचं त्यांनाच नक्की नसतं, तिथे माझी काय कथा. यजमान डावीकडे झुकला, मीही त्याच बाजूला, आणि आमच्या नाकांची गाठ पडली. दोघांनी एकदम बाजू बदलली. चष्मे एकमेकांत अडकले. खरोखर अडकले, माझी काडी त्याच्या काडीत. आम्ही दोघं गाल चिकटवून, श्वास रोखून उभे, आणि त्याची आई चिमटीत काड्या धरून सोडवतेय. इतक्या जवळून मी आजवर कुठल्याही पुरुषाच्या पापण्या पाहिल्या नव्हत्या. जेवण मात्र झकास झालं. निघताना पुन्हा तोच विधी असतो हे लक्षात आल्यावर मी आणि तो, दोघांनीही आपापला चष्मा काढून हातात घेतला.

जर्मनीत गेल्यावर वाटलं, इथे सगळं लिहून ठेवलेलं असतं, इथे आपण चुकणार नाही. नकाशावर माझा मार्ग बघशील तर वाट चुकलेल्या माणसाचा वाटेल. जिथलं तिकीट स्वस्त तिकडे मी. तसा बर्लिनहून कोलोनला निघालो आणि गाडीत गाढ झोपलो. त्या मार्गावरच्या काही गाड्या हाम नावाच्या स्टेशनावर मधोमध तुटतात. अर्धी गाडी वुपरटालवरून कोलोनकडे, अर्धी एसन आणि ड्युसबुर्गवरून ड्युसेलडॉर्फकडे. तशी घोषणा होते, इंग्रजीतही होते, डब्यावर पाटी असते. मी घोरत होतो. जाग आली तेव्हा शेजारच्या बाईंना म्हणालो, कोलोन किती वेळात? त्या म्हणाल्या, “या डब्याला नाही येणार.” फार हानी झाली नाही. ड्युसेलडॉर्फहून कोलोन चाळीसेक किलोमीटर, पुढची गाडी लगेच मिळाली. पण ‘माझा डबा वेगळ्या गावाला गेला’ हे कोलोनच्या हॉस्टेलच्या काउंटरवर उशिराचं कारण म्हणून सांगताना मलाच खोटं वाटत होतं.

काउंटरवरचा तो माणूस फार व्यवस्थित. पांढरा शर्ट, बाह्यांना इस्त्रीची घडी, नाकावर बारीक चष्मा. माझं अंग आंबलेलं बघून म्हणाला, जवळच सार्वजनिक स्नानगृह आहे, सॉना घ्या, म्हणजे तापलेल्या लाकडी खोलीत घाम काढत बसा, मोकळे व्हाल. हा त्याचा शब्द. मी पोहण्याची चड्डी घालून, वर टॉवेल लपेटून, मोठ्या उत्साहात गेलो.

तिकडच्या सॉनात कपडे घालत नाहीत, हे तुला माहीत होतं का? चड्डीसुद्धा नाही. बायका-पुरुष एकत्र. फक्त बायकांसाठी वेगळे दिवस किंवा वेळा बऱ्याच ठिकाणी असतात, एरवी सगळे सोबत. आणि हे काही चावट प्रकरण नाही, तोच तर सगळा घोटाळा. दारावर चड्डीवर फुली मारलेलं चित्र होतं. मी त्याचा अर्थ ‘ओली चड्डी नको’ असा लावला, माझी तर कोरडी होती. आत गेलो. लाकडी पायऱ्यांवर दहा-बारा माणसं, आजी-आजोबा धरून, जन्मली तशी, ध्यानस्थ बसलेली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नग्न माणसांच्या खोलीत एकट्यानं कपड्यांत असणं किती लाजिरवाणं असतं, हे मी तुला सांगून कळणार नाही. उभ्या आयुष्यात मला चड्डीची इतकी लाज वाटली नव्हती. एक आजी सौम्यपणे इंग्रजीत म्हणाल्या, “इथे स्वच्छतेसाठी कापड घालत नाहीत.” बाहेर गेलो, दीर्घ श्वास घेतला, चड्डी खुंटीला लावली आणि जे होईल ते होईल म्हणून परत शिरलो.

तर दुसरी चूक. टॉवेल मी नेमका त्याच कारणासाठी वापरत होतो ज्यासाठी तू वापरला असतास. तिथे टॉवेल अंगाला नव्हे, अंगाखाली हवा. लाकडाला घाम लागता कामा नये, तळपाय सुद्धा टॉवेलवर. म्हणजे निर्णय असा की अब्रू झाकायची का बाक. त्याच आजींनी बोट केलं. मी बाक झाकला.

आता दार बंद होऊन कार्यक्रम सुरू झाला. एक कर्मचारी येतो, तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततो आणि मोठा टॉवेल गरगर फिरवून ती वाफ सगळ्यांच्या तोंडावर मारतो. नव्वद अंश तापमान, वर हा वारा. मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही म्हणे. मी कान भाजत बसून होतो, नजर छताला खिळलेली, आणि शेजारून आवाज आला, “नमस्कार. नाश्त्याचं कूपन मिळालं ना तुम्हाला?”

काउंटरवरचा माणूस. ड्यूटी संपवून आलेला. चष्मा नाही, शर्ट नाही, काहीच नाही. आवाज मात्र तसाच इस्त्रीचा. मी छताकडे बघत म्हणालो, हो, मिळालं, धन्यवाद. “सात ते दहा,” तो म्हणाला, “रविवारी आठ वाजता सुरू.” मग त्यानं मला रविवारी दुकानं बंद असतात, काही लागलं तर रेल्वे स्टेशनातली उघडी असतात, आणि प्लास्टिकची पाण्याची बाटली फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, हे सगळं शांतपणे सांगितलं. त्या प्रवासातली सगळ्यात उपयोगी माहिती मला एका नागड्या माणसानं दिली. शेवटी सगळ्यांनी टॉवेलवाल्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हात मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर पुन्हा पांढऱ्या शर्टात. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मलाच त्याच्या नजरेला नजर देता येईना.

बुडापेस्टचा प्रकार वेगळा, तिथे हसू आलं नाही. एका टेबलावर सात-आठ जणांत सामावलो, गप्पा रंगल्या, मी भरात येऊन बिअरचा मग उचलला आणि शेजारच्या म्हाताऱ्याच्या मगावर खणकन आपटला. त्यानं मग खाली ठेवला. टेबल गप्प. सांगतात ते असं: 6 ऑक्टोबर 1849 ला अराद इथे ऑस्ट्रियानं 13 हंगेरियन सेनानींना मृत्युदंड दिला आणि ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले आपटून तो साजरा केला. तेव्हा हंगेरियन लोकांनी दीडशे वर्षं बिअरचे पेले भिडवायचे नाहीत असं ठरवलं. मुदत 1999 मध्ये संपली, पण बरेच जण अजून पाळतात. टेबलावरची तरुण पोरं म्हणाली, ही दंतकथा आहे, आम्ही सर्रास भिडवतो. म्हातारा म्हणाला, तुम्हाला काय कळतंय. दोन्ही बाजू माझ्यावरून तावातावानं हंगेरियनमध्ये भांडायला लागल्या आणि मी मधे, हातात मग तसाच उचललेला. पिऊ की ठेवू कळेना. थोड्या वेळानं हळूच ठेवला आणि सटकलो.

बल्गेरियाचं ऐक, ते मला स्वतःला सगळ्यात आवडतं. तिकडे ‘नाही’ म्हणताना मान वर उचलतात, आणि ‘हो’ म्हणताना आडवी हलवतात. हे मी वाचून गेलो होतो. नुसतं वाचून काही होत नाही. सोफियाच्या बसस्थानकात मला प्लोवदिवची बस हवी होती, पाट्या सिरिलिक लिपीत. चालकाला विचारलं, “प्लोवदिव?” त्यानं मान आडवी हलवली. मी धन्यवाद म्हणून उतरलो. बस माझ्या डोळ्यांदेखत प्लोवदिवला गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या बसवाल्याला विचारलं, त्यानं मान खाली-वर हलवली. मी मनात म्हटलं, आता नाही फसणार, म्हणजे ‘नाही’. उतरलो. तर तिथल्या ज्या लोकांचा परदेशी माणसांशी रोजचा संबंध येतो, ते आपल्या सोयीसाठी मान आपल्यासारखी हलवतात. त्यानं माझ्यावर उपकार केला होता. तीही बस गेली.

तिसऱ्या बसपाशी मी शहाणा झालो. चालकाला म्हटलं, मान हलवू नका, बोला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, खाली उतरून माझी सॅक स्वतः उचलून आत ठेवली आणि मला पहिल्या सीटवर बसवलं. मी आभार मानायला मान हलवली. कोणत्या दिशेला हलवली देव जाणे, कारण त्यानं लगेच सॅक परत बाहेर काढली.

एक प्रसंग मात्र मला अजून टोचतो आणि त्याला विनोदाची फोडणी देऊन सांगायची माझी इच्छा नाही. रोमलाच, हॉस्टेलमधल्या टोळक्याबरोबर जेवायला गेलो. माझं बजेट तोवर तळाला गेलेलं. मी सगळ्यात स्वस्त पास्ता आणि पाणी घेतलं. बाकीच्यांनी वाइनच्या बाटल्या, मासे, शेवटी गोड. बिल आलं. त्यात इटलीतला तो माणशी टेबलाचा आकार, कोपेर्तो, तोही होता. एकानं सहज म्हटलं, “सगळ्यांत सारखं वाटूया, सोपं पडेल.” कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच वाईट. जर्मनीत वेटर स्वतःच विचारतो, एकत्र की वेगवेगळं, आणि टेबलाशी उभा राहून प्रत्येकाचा हिशोब करून देतो. मला तिथे ते कोरडं वाटलं होतं. त्या रात्री त्या वेटरची फार आठवण झाली. मी हसत हसत पैसे दिले आणि पुढचे दिवस पावावर काढले. सॉनात अंगावर काही नव्हतं तेव्हा जेवढं अवघडलो नव्हतो, तेवढं ‘मी फक्त पास्ता घेतलाय’ हे चार शब्द बोलायला अवघडलो. तू असतास तर टेबलाखालून लाथ मारली असतीस आणि माझ्या वतीनं बोलला असतास. तेवढा निर्लज्जपणा तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

तर आता पुढच्या वर्षीचं. पासपोर्ट काढून आधी तारीख बघ. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालतो त्या व्हिसाला, तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो. विमा तीस हजार युरोचा लागतो, तो स्वस्तात मिळतो, त्यावरून कुरकुर करू नकोस. सॅक पाठीवर मावेल तेवढीच घे, नाहीतर स्वस्तातल्या विमानाच्या दारात त्यांच्या मापाच्या पिंजऱ्यात ती कोंबताना चार चार जाकिटं अंगावर चढवून उभं राहावं लागतं. घामाघूम होतो माणूस. हे कसं माहीत, विचारू नकोस. तिच्याशी बोलून घे, आणि यंदा जुळलेलं असो वा बिनसलेलं, तिकीट काढल्यावर माघार नाही. वाटल्यास तिलाही घेऊन ये. पण मग सॉनाचा विषय आपण आधीच बोलून मिटवू.

आणि हे एवढं सगळं वाचून नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तुझा,
तोच